काकडीचा घोडा

चिहारु आली तेव्हा दारातच बूट काढून
तिनं त्यांची तोंडं जिन्याकडे वळवून ठेवली.
रेवताबाई लादी पुसता पुसता म्हणाल्या,
"ताई, ही तर आपल्यातलीच."
मग तिनं चहातलं दूध नाकारलं,
तेव्हा म्हणाल्या, "नाही हो. लांबची आहे."

माहीमला, मच्छीमार कॉलनीच्या मागे,
तिसऱ्या मजल्यावरची माझी मागली खोली
तीन महिन्यांसाठी तिला दिली होती.
ती मेट्रोच्या बोगद्यात पाणी मोजायची,
कुठून झिरपतं, किती, रोज.
घरी आल्यावर बाकीचं मोजायची:
आमच्या दाराची किल्ली उलटी फिरते,
"हो" म्हणताना आमची मान "नाही" म्हणते,
कावळा मात्र तिकडेही 'का का'च करतो,
आणि वाक्याच्या शेवटी तेही
आपल्यासारखाच 'ना' लावतात,
फक्त त्याचा 'ने' होतो.
"गरम आहे, ने?"
"आहे ना."
तेवढ्यावर आमच्या कितीतरी संध्याकाळी निभावल्या.

बोटांवर मोजणं मात्र शेवटपर्यंत जुळलं नाही.
मी अंगठा पेरांवरून चालवत बारापर्यंत जायची,
ती एकेक बोट मिटत पाचाला मूठ आवळायची.
कपड्यांचा आकडा तिच्या मुठीत एक, माझ्या पेरांवर दुसराच.
इस्त्रीवाल्यानं दोघींचाही खोडला.

एकदा मी भाताची मूद वाढली
आणि चमचा वरून उभा खोचून दिला.
तिनं काही न बोलता तो आडवा केला.
नंतर फोनवर शब्द शोधून दाखवला:
मृतांसाठी.
मी म्हटलं, बाई गं,
आमच्याकडे त्यांना चमचा देतच नाहीत,
कावळा देतात.

ते तिनं भाद्रपदात पाहिलं.
ह्यांची तिथी. खीर, वडे, गवारीची भाजी,
गॅलरीच्या कठड्यावर पान.
कावळा समोरच्या एसीच्या डब्यावर,
पानाकडे नाही, माझ्याकडे बघत.
पाऊण तास.
मी मनातल्या मनात एकेक कबूल करत गेले:
सोसायटीशी भांडणार नाही,
गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन,
तुमची स्कूटर विकणार नाही.
कावळा जागचा हलेना.

चिहारु स्वैपाकघरात गेली,
एक काकडी आणि एक वांगं घेऊन आली.
खराट्याच्या चार-चार काड्या टोचून
दोघांना कठड्यावर उभं केलं.
"घोडा," काकडीकडे बोट. "येताना. लवकर."
"गाय," वांग्याकडे. "जाताना. हळू."
तिचे वडील दर ऑगस्टला असेच येतात, म्हणाली,
चार दिवस राहतात.

मला हसूच आलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.
अगं, ह्यांनी जन्मात वांग्याला हात लावला नाही!
आमच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा
पानाच्या कडेला सारून ठेवलं होतं,
माझ्या वडिलांच्या देखत.
वांग्यावर बसून कसले जातायत!
तिनं विचार केला, अगदी बोगद्याचा करावा तसा.
"मग," म्हणाली, "जाणार नाहीत, ने?"

कावळा केव्हातरी उतरून गेला.
पानाला शिवला का, सांगता येणार नाही,
आमचं लक्ष नव्हतं.
खीर सांडली होती
आणि गायीचा मागचा एक पाय नाहीसा झाला होता.

ती निघाली त्या पहाटे
रोज कामावर जाताना म्हणायची तेच म्हणाली.
त्याचा अर्थ मी पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवला होता.
जाऊन येते.
त्यांच्याकडेही घरातून निघताना नुसतं 'जाते' म्हणत नाहीत.
मी म्हटलं, "ये."
बॅग जिन्यावर प्रत्येक पायरीला आपटत गेली,
तेवीस पायऱ्या, मी पेरांवर मोजल्या.

परवा भाजीवाला म्हणाला,
ताई, वांगी घ्या, कोवळी आहेत, काटेरी.
मी म्हटलं, वांगी नकोत रे बाबा.
काकडी दे एक.
नीट बघून दे,
पाठ सरळ असलेली.